न्हाणीला दार नाही

नाशिक,
१२ जानेवारी २००४

चि. शकूस,
अक्काचे आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र बाजूला टाकशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, मी भांडायला लिहीत नाही. इकडे थंडी फार आहे. निफाडला म्हणे दव गोठलं आणि बागायतदार द्राक्षांच्या बागांत शेकोट्या पेटवून बसलेत. मी दोन स्वेटर घालून लिहितेय, त्यामुळे अक्षर गबाळं आलंय. शाळेतल्या सिस्टरनी पाहिलं असतं तर बोटांवर पट्टी बसली असती.

तुझं खुब्याचं हाड मोडल्याचं मला भाजीबाजारात कळलं. तुझ्या मनमाडच्या शेजारीण गोजराबाई लेकीकडे आल्या होत्या, त्या भेटल्या. पंधरा वर्षांनी सख्ख्या बहिणीची बातमी मेथीच्या जुडीबरोबर मिळावी, हे आपल्या घराण्याला शोभतं. घरी येऊन महेशला फोन केला. तुझा मुलगा वाईट नाही, फक्त तो प्रत्येक वाक्य 'बघू' या शब्दाने संपवतो. "मावशी, आईचं ऑपरेशन नीट झालंय, चालता येईल का ते बघू." "आंघोळीचं काय रे?" "खुर्ची बाथरूमच्या दारातून जात नाही ना. पूजा अंग पुसून देते. पुढचं बघू."

पूजा नोकरी करते, दमते, मला मान्य आहे. पण जी पोरगी बोर्डिंगात जानेवारीच्या थंडीत गार पाण्याने न्हाऊन वर गाणी म्हणायची, तिला आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्याने पुसायचं? टेबल आहे का ती?

म्हणून सरळ विचारते. तू इकडे ये. माझं घर तळमजल्यावर आहे, दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर मोकळी असते.

तू म्हणशील, त्या घरात? त्या न्हाणीघरात? हो, त्याच. पण ते मी पाडायला काढलंय.

दाताच्या डॉक्टरकडे एक गुळगुळीत मासिक होतं. त्यात परदेशातली न्हाणी छापली होती, दार नसलेली. श्रीमंत लोक म्हणे सरळ चालत आत जातात आणि शॉवरखाली उभे राहतात. वा! आपल्या आईने हेच साठ वर्षं केलं, तिला कुणी मासिकात छापलं नाही. मी ते पान डॉक्टरांना न विचारता फाडून आणलं. माझ्या दाढेचे त्यांनी जे हाल केले त्यापुढे हे काहीच नाही.

तर ऐक. न्हाणीघराला लागून अडगळीची खोली आहे, मधली भिंत काढायची. आठ फूट बाय नऊ फूट मिळतात. आत जायला तीन फुटांची मोकळी वाट. व्हीलचेअर पंचवीस इंच रुंद असते, मी दुकानात जाऊन टेपने मोजली. दुकानदार म्हणाला, "पेशंट कुठे आहे, मॅडम?" म्हटलं, "पेशंट रुसलाय." वाटेला दार नाही, पडदा नाही, उंबरा नाही. शिरल्यावर समोर सहा फुटी आडोशाची भिंत, तिला वळसा घातला की शॉवर. त्यामुळे पाणी बाहेर उडत नाही आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. जमीन सगळी एका पातळीत, फक्त जाळीकडे फुटाला पाव इंच ढाळ. बसायला खुर्चीच्या उंचीची कडाप्प्याची बैठक, दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचे दांडे. फरशी खरखरीत. शॉवर हातात घेता येईल असा.

ग्राफ पेपरवर आराखडा काढून सोबत जोडलाय. एक चौकोन म्हणजे तीन इंच. भूमितीत तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क असायचे, तेव्हा चुका काढ. चुका काढण्यापुरतं तरी उत्तर लिही.

जुनं दार काढून ठेवलंय. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

तुझी,
अक्का


नाशिक,
८ फेब्रुवारी २००४

चि. शकूस,
आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमनच्या वेळेला मी फाटकाशी काहीतरी काम काढते. जास्वंदीला आता तोडण्यासारखं एक पान उरलेलं नाही. महेश म्हणतो, पत्र त्याने तुला वाचून दाखवलं, तुझ्या डोळ्यांना हल्ली छापील अक्षरसुद्धा त्रास देतं. आराखडा तू उशीखाली ठेवलास असंही म्हणाला. खरं का? की तो मला बरं वाटावं म्हणून बोलतो?

काम चालू आहे. गवंडी पेठकडचा, बुधा नावाचा. पावसाळ्यात गावी भात-नागलीची लावणी करतो, दिवाळीनंतर बायकोला घेऊन शहरात येतो. बायको झुंबरबाई पाट्या वाहते आणि नवऱ्याची अक्कल काढते, दोन्ही कामं सारख्याच सहजतेने. पहिल्या दिवशीचं आमचं बोलणं ऐक.

"दार कंच्या बाजूला उघडायचं, बाई?"

"दार नाही."

"बरं. मंग नुसती चौकट?"

"चौकटही नाही."

"उंबरा तरी?"

"नाही."

तो बायकोकडे वळला. "इचार गं, बाई न्हाणी बांधत्यात का मोडत्यात?"

झुंबरबाई म्हणाली, "आपल्या घरी कुठं हाय दार? आजवर कुणी पळवून नेलं का तुला न्हाताना?"

मला हसू आलं. गेल्या वर्षी सिंहस्थात अर्धा देश गोदावरीवर उघड्यावर न्हाला, कुणाला कडी आठवली नाही. दार लागतं ते आपल्यासारख्या चार बुकं शिकलेल्यांना.

पण बुधाच्या मनातून उंबरा गेला नाही. मी किराणा आणायला गेले तेवढ्यात त्याने वाटेत दीड इंचाची काळी पट्टी बसवून टाकली. मी ओरडले तर म्हणतो, "उंबरा नसंल तर पाणी बी बाहेर अन् लक्ष्मी बी बाहेर." मी म्हटलं, "लक्ष्मी या घरात आलीच कधी होती? बुधा, या दीड इंचाला चाक अडेल आणि माझी बहीण तोंडावर आपटेल." तो खाली बसला. छिन्नीने पट्टी काढली, जागा घोटून सपाट केली, आणि जाताना झुंबरबाईकडून कुंकवाचं बोट घेऊन तिथे एक आडवी रेघ ओढली. "उंबरा नाय तर रेघ तरी ऱ्हाऊ दे, बाई." राहू दिली. पाण्याने जाईल आपोआप.

जुनं दार तो पेठला घेऊन जाणार आहे. सागवानी आहे. झुंबरबाईने कडीकडचा फाटलेला भाग पाहिला, सुताराने ठिगळ लावलेला. "हे दार कुणी फोडलं, बाई?" मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे.

काल फरशा बसल्या. तुला माहीत असेल, फरशी बसली की गवंडी ती वाजवून बघतो. थापीच्या मुठीने एकेक. टक. टक. भरीव वाजली तर ठीक, पोकळ वाजली तर उखडायची. मी स्वयंपाकघरात होते. मी इतक्या मोठ्याने त्याला थांब म्हटलं की झुंबरबाईच्या हातून घमेलं पडलं. "वाजवल्याबिगर कळायचं कसं, बाई?" बरोबर होतं त्याचं. मी चपला घालून कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर जाऊन बसले आणि त्याचं काम होईपर्यंत बसून राहिले. चार बस गेल्या. का बसले ते विचारू नकोस.

आता विषय निघालाच आहे तर. तेराव्याला, सगळ्यांदेखत, तू म्हणालीस, "लाजेपायी मारलंस आईला." त्यानंतर तू या घरात पाऊल ठेवलं नाहीस. मी ते वाक्य विसरलेले नाही. पण आज शांतपणे विचार कर, शकू. आई आत पडलेली, कडी आतून लागलेली, अंगावर सूत नाही. आणि बाहेर दूधवाला गेणू दार फोडायला खांदा सरसावून उभा. मी आधी कुणी बाईमाणूस आणायला धावले नसते, तर तूच म्हणाली असतीस की परक्या पुरुषापुढे आईची अब्रू घालवली. आणि आई पडल्या क्षणीच गेली होती. दार लवकर फोडून काही होणार नव्हतं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

असो. ढाळ चुकला होता, पाणी कोपऱ्यात साचत होतं. अर्धी जमीन पुन्हा उखडली. आता बादली ओतली की पाणी शहाण्या मुलासारखं जाळीकडे जातं.

ये. एवढंच.

तुझी,
अक्का


नाशिक,
१० मार्च २००४

महेश, हे पत्र तू वाचून दाखवायचं नाही. इथे थांब. आईला भिंग दे, दिवा लाव आणि खोलीबाहेर जा. मी अक्षर मोठं काढलंय.

शकू,

काल महेशचा फोन आला. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. तो म्हणाला, "मावशी, आईने निरोप दिलाय, तिच्या शब्दांत सांगतो. दवाखान्यात दोन वॉर्डबॉयनी तिला उचललं तेव्हा कुणी पडदासुद्धा ओढला नव्हता. ती म्हणते, अक्का त्या दिवशी का थांबली ते मला आत्ता कळलं. माझ्यावर वेळ आली असती तर मीसुद्धा दार फोडू दिलं नसतं. पंधरा वर्षं उगीच धरून बसले. रविवारी येतोय आम्ही. अकरापर्यंत पोहोचू." आणि यानंतर तो 'बघू' म्हणाला नाही.

फोन ठेवून मी तुझी खोली आवरली. उशीला नवा अभ्रा घातला. बाजारातून तुझ्या आवडीची काळी द्राक्षं आणली, धुऊन ताटात मांडली. दोन तास मला फार बरं वाटलं. दोनच तास. मग मी नवीन न्हाणीत जाऊन त्या बैठकीवर बसले, आणि जिथे तू बसणार तिथे बसून हे पत्र लिहायचं ठरवलं. ते वाचून तू येणार नाहीस हे मला माहीत आहे.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे आली तेव्हा ती आंघोळीला दार उघडं टाकायची. शेतावर विहिरीपाशी दगड आणि किलतानाचा आडोसा, तिला एवढंच माहीत. आतून माझ्याशी बोलायची, आज भाजी कसली, दूध उतू जातंय बघ. एका रविवारी एक्स्चेंजमधल्या दोघी चहाला आल्या होत्या. आई न्हाता न्हाता बोलत होती. त्यातली एक तोंडावर रुमाल धरून हसली. बस. त्या संध्याकाळी मी आईला कडी लावायला शिकवलं.

"अगं, घरात आपण दोघी. चोर येणारे का साबण न्यायला?"

"सभ्य माणसं कडी लावतात, आई. ही शेतावरची न्हाणी नाही."

कडी ताठ होती आणि तिची बोटं सांध्यांत वाकलेली. आठ दिवस तिने सराव केला. मग रोज सकाळी आतून ओरडायची, "लागली गं कडी!" पाढा पाठ झालेल्या पोरीसारखी. आणि मी इकडून म्हणायचे, "व्हेरी गुड."

त्या सकाळी सव्वासहाला पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली. तिला बोलता येत नसावं. पण तिने तांब्या वाजवला. फरशीवर. टक. टक. जरा थांबून पुन्हा टक.

ती पडल्या क्षणी गेली नव्हती, शकू. मी ट्रंक लाइनवर उभा जन्म काढला. पलीकडे माणूस आहे की लाइन मेली आहे, हे मला आवाजावरून कळतं. तेव्हाही कळलं होतं.

गेणू दूध घेऊन तेवढ्यात आला. "सरका अक्का, दोन धक्क्यांत उघडतो." मी दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "थांब. आई आत उघडी आहे. हात लावायचा नाही." त्याला तिथे उभं करून मी शेजारच्या बायडाबाईकडे धावले. ती घरी नव्हती. मागच्या गल्लीत रंगूबाईकडे गेले. तिने आधी केस बांधले. मी तिला घाईसुद्धा केली नाही नीट, आपल्या घरातली गोष्ट रस्त्यावर मोठ्याने कशी बोलायची म्हणून. वीस-पंचवीस मिनिटं गेली. परत आले तर गेणू दाराला कान लावून खाली बसला होता.

"अक्का, वाजायचं थांबलं."

मग मी त्याला दार फोडू दिलं. दोन धक्क्यांत उघडलं, तो म्हणाला होता तसंच.

आता ते लिहिते, जे मी पंधरा वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही.

आई नेसलेली होती. नऊवारी, चोळी, सगळं. ओला पदर डोक्यावर होता तसाच चिकटलेला. गेणूने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अक्का, म्हातारी तर नेसलेली हाय." एवढंच बोलला. पुढे सात वर्षं दूध घालत होता, पण हे वाक्य त्याने पुन्हा काढलं नाही. आता तोही नाही.

ती जन्मभर लुगडं नेसूनच न्हायची. उघड्यावर न्हाणाऱ्या सगळ्या बायका न्हातात तशी. झालं की ओलं सोडून कोरडं गुंडाळून बाहेर. जिच्या आंघोळीची मला लाज वाटत होती, तिच्याकडे मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं. नुसती मान फिरवायचे. सिस्टर आपल्याला पायघोळ झगा घालून न्हायला लावायच्या आणि आपण दोघी खिदळायचो, आठवतं? आपली आई तेच करायची. तिला राखायला दार लागत नव्हतं. मी ज्या अब्रूसाठी गेणूला अडवलं, ती आईच्या अंगावर होतीच.

तू अकराच्या गाडीने येईपर्यंत मी तिला पुसून कोरडं नेसवलं होतं. तू विचारलंस, अंगावर कपडे नव्हते का? मी म्हटलं, नव्हते. संध्याकाळी दोरीवर ते लुगडं वाळत होतं. तू म्हणालीस, हे कुणी धुतलं? मी म्हटलं, मी. मागच्या महिन्यात पुन्हा लिहून पाठवलं, अंगावर सूत नाही. शाईचा ठिपकासुद्धा पडला नाही.

आणि त्या वाक्यावर तू मला माफ केलंस.

गप्प बसले असते तर तू रविवारी आली असतीस. चाकं कुठेही अडली नसती, ढाळ बरोबर आहे, पाणी बरोबर गरम आहे. मी तुझी पाठ चोळली असती आणि तू एखाद्या दिवशी म्हणाली असतीस, आईची लाज राखलीस गं अक्का. मला ते ऐकवणार नाही. एवढी निर्लज्ज मी अजून झालेली नाही. आणि त्या बैठकीवर बसायला तुला मी खोटं बोलून आणणार नाही. एकीला या खोलीत मी माझ्या हट्टाने कोंडलं, ते पुरे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला 'नाही' म्हणायचे कष्ट पडतील. तुझं तेराव्याचं वाक्य खरं होतं. जितकं तुला वाटलं, त्याहूनही खरं.

खोली मात्र चांगली झाली आहे. बुधाने ओढलेली कुंकवाची रेघ पहिल्याच पाण्यात गेली. मी रोज तिथे न्हाते. आडोशामागे वळताना उजवा हात आपोआप वर जातो, कडी शोधायला, आणि हवेत राहतो.

रविवारी साडेदहाला गिझर लावीन. एक वाजता बंद करीन. महेशला फोन करायला लावू नकोस. तो 'बघू' म्हणेल आणि मी परत वाट बघायला लागेन. इथले दांडे वापरणार नसलीस तर आराखडा तेवढा मनमाडच्या एखाद्या गवंड्याला दाखव. त्यात चूक नाही.

पत्राखाली 'अक्का' लिहिलं होतं, ते खोडलंय.

मंदाकिनी